लेट मार्क

रविवारच्या जेवणानंतर घरात कुणी महत्त्वाची घोषणा करू नये, असं माझं अनुभवान्ती बनलेलं मत आहे. पोटात वरणभात, त्यावर वाटीभर मठ्ठा आणि डोळ्यांवर झापड, अशा अवस्थेत माणूस कशालाही होकार देऊन बसतो. मी लग्नाला दिला होता. गेल्या उन्हाळ्यात आमच्या नातवानं नेमकी हीच वेळ साधली. बडीशेपेची वाटी फिरत होती. ती त्याच्यापर्यंत आल्यावर चिमूटभर तोंडात टाकून तो बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, "मी ठरवलंय. मी प्रोफेशनल फुटबॉलर होणार."

वाटी सूनबाईंच्या हातात तशीच थांबली. आमचे चिरंजीव चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहेत. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट सदोष दिसते आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळतो. ते म्हणाले, "आधी गणितात किती पडले ते सांग." सौ. मात्र मुद्द्याची. तिनं विचारलं, "पेन्शन असतं का रे त्याला?"

आमच्या घरात कोणत्याही व्यवसायाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक, त्याला पेन्शन आहे का. आणि दोन, लग्नाच्या बैठकीत तो मोठ्यानं सांगता येतो का. त्यातून 'प्रोफेशनल' या शब्दाशी आमच्या पिढीचं जरा वाकडंच. आमच्या लहानपणी गाणारा माणूस हौसेनं गात असला तर तो गुणी, आणि पैसे घेऊन गात असला तर धंदेवाईक. खेळाचं तर बोलायलाच नको. पैसे देऊन खेळणारी माणसं आमच्या वाड्यात होती. पण ती पत्ते खेळत.

शेवटी सर्वानुमते असं ठरलं की, नातवाची समजूत मी घालावी. "तुमचं ऐकतो तो," असं सूनबाई म्हणाल्या. सुनेनं केलेली स्तुती नाकारण्याची हिंमत अजून कोणत्याही सासऱ्यानं दाखवलेली नाही. शिवाय माझी पात्रताही होती. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मी टाइम ऑफिसात काढली. टाइम ऑफिस म्हणजे काय, हे हल्लीच्या बोटाचा ठसा उमटवून आत जाणाऱ्या पिढीला कळायचं नाही. फाटकाशेजारी एक खिडकी, खिडकीत एक मस्टर, आणि मस्टरामागे मी. चित्रगुप्त माणसाच्या जन्माचा हिशेब ठेवतो; मी रोजचा ठेवत असे. आला तर निळ्या शाईत 'पी', नाही आला तर लाल शाईत 'ए', दहा मिनिटं उशीर झाला तर लेट मार्क, आणि तीन लेट मार्कांना अर्ध्या दिवसाची रजा. एवढ्या चार गोष्टींवर मी चार हजार माणसांची आयुष्यं चालवली. मग एका पोराचं करिअर हाताळणं काय अवघड?

फुटबॉलचं माझं ज्ञान मात्र बेताचं. पुण्याच्या पेठेत वाढलेला मी. आमच्या वाड्यात तुळशीवृंदावन हा स्टंप आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची खिडकी ही बाउंड्री. त्या अंगणात फुटबॉल मावलाच नसता. कॉलेजात एकदा अकरावा गडी सापडेना म्हणून मला उभं केलं. चष्मा असल्यामुळे पळायला नको, म्हणून गोलकीपर. पाच गोल झाले. त्यातला एक मी व्यवस्थित अडवला होता आणि मग तोल जाऊन चेंडूसकट आत गेलो. मराठी माणसाला फुटबॉल वर्ज्यच आहे असं म्हणून मी हा विषय मिटवला असता, पण कोल्हापूरकर अंगावर येतील. तिथं पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशी कुस्तीला शोभणारी नावं धारण करून मंडळी फुटबॉल खेळतात, आणि पेठापेठांतली चुरस बघता नावं बरोबरच आहेत असं वाटतं.

तर मी दोन रात्री जागून वाचन केलं आणि केस तयार केली. नातवाच्या खोलीत भिंतीभर इंग्लंडातल्या क्लबांची चित्रं. तेव्हा म्हटलं, इंग्लंडचाच काटा काढून त्याचा काटा काढावा. मला हवा होता असा एक इंग्रज खेळाडू, की जो थोर होता आणि तरी ज्याच्या हाती काही लागलं नाही. असा माणूस मला सापडला. टॉम फिनी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत नातवाला समोर बसवून मी सुरुवात केली. "हा १९२२ साली प्रेस्टन नावाच्या गिरणीगावात जन्मला. चौदाव्या वर्षी गावच्या क्लबानं, प्रेस्टन नॉर्थ एंडनं, आठवड्याला अडीच पौंडांवर बोलावलं. तर त्याचे वडील काय म्हणाले असतील?"

"काँग्रॅच्युलेशन्स?"

"म्हणाले, आधी प्लंबिंग शीक. उमेदवारी पुरी कर. बॉल नंतर."

खरं सांगतो, हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. साता समुद्रांपलीकडे, धुक्यात, गिरण्यांच्या धुराड्यांखाली एक बाप बसला आहे आणि तो शब्दशः आमच्या तीर्थरूपांसारखा बोलतो आहे! माझे वडील म्हणाले होते, "आधी टायपिंग शीक." माणसं रंगानं वेगळी असतात, बाप सगळीकडे एकाच मापाचे शिवलेले असतात.

फिनीनं वडिलांचं ऐकलं. तो नळ जोडायला शिकला. मग महायुद्ध आलं, तो सैन्यात गेला, आणि लीगमधला पहिला सामना खेळला तेव्हा १९४६ साल उजाडून तो चोवीस वर्षांचा झाला होता. पुढे १९६० पर्यंत एकाच क्लबाकडून खेळला. इंग्लंडसाठी ७६ सामने, ३० गोल. डावा पाय आणि उजवा पाय सारखेच तयार. पण मी ज्या कलमाची वाट बघत होतो ते पुढे होतं.

"आता पगार ऐक," मी म्हणालो. "त्या काळी इंग्लंडात खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती. तुम्ही कितीही मोठे असा, त्याच्यावर एक पेनी नाही. १९५८ साली ती वाढून वाढून किती झाली, तर आठवड्याला वीस पौंड. उन्हाळ्यात सामने नसत, तेव्हा आणखी कमी. हा देशाचा हिरो सामने खेळून उरलेल्या वेळात लोकांचे नळ दुरुस्त करत असे. १९५२ साली इटलीतला पालेर्मो क्लब त्याला न्यायला आला. हातात दहा हजार पौंड, दरमहा एकशे तीस पौंड, वर बंगला आणि मोटार. आणि त्याच्या क्लबानं सांगितलं, जायचं नाही. तो गेला नाही. १९६० साली निवृत्त झाला, आणि १९६१ च्या जानेवारीत पगाराची मर्यादा उठली! त्याच वर्षी जॉनी हेन्स नावाच्या खेळाडूला आठवड्याला शंभर पौंड मिळायला लागले."

हे सांगताना माझा आवाज कापरा झाला. वेतन आयोग लागू होण्याच्या आदल्या महिन्यात निवृत्त झालेला माणूस मी जवळून पाहिलेला आहे. रोज दाढी करताना मला तो आरशात दिसतो.

नातू शांतपणे ऐकत होता. मधेच त्यानं फोनवर काहीतरी बघितलं. मग म्हणाला, "आजोबा, पण याला सर म्हणतात. १९९८ ला नाइटहुड मिळालं. आणि स्टेडियमच्या बाहेर त्याचा पुतळा आहे, पाणी उडवत घसरतोय असा. कारंजंच आहे ते."

मी पाहिलं. खरंच होतं. चिखलपाण्यातून चेंडूमागे घसरत जाणाऱ्या फिनीचा १९५६ सालचा एक फोटो आहे, त्यावरून २००४ साली तो पुतळा केला. नळवाल्याचं स्मारक पाण्यातच असावं, याहून औचित्य ते काय! आमच्या टाइम ऑफिसातल्या कुणाचा पुतळा करायचं ठरलं, तर खिडकीचे गज तेवढे करावे लागतील.

"म्हणजे प्लंबिंग पण शिकायचं आणि फुटबॉल पण," नातू म्हणाला. "चालेल मला."

केस उलटली. एवढ्यावर थांबतं तर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागलेला असताना चिरंजीवांच्या पेटीतला पाना घेऊन त्यानं स्वयंपाकघरातल्या बेसिनखालचा पाइप उघडला. मला जाग आली ती पायाशी तरंगत आलेल्या माझ्याच चपलेमुळे. सूनबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा मी दुसरी फाइल काढली. म्हटलं, परका माणूस उपयोगाचा नाही, घरचा पाहिजे. ज्याला पुतळा नाही, ज्याला सर नाही, असा. घरचा म्हणजे बार्देशातल्या आसगावचा. नेव्हिल डिसूझा.

गोव्यात १९३२ साली जन्मलेला हा मुलगा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा. नेव्हिल मुंबईत खेळायला लागला. आता मुंबईतली त्या काळची रीत समजून घ्यायला हवी. इंग्लंडात खेळाडू क्लबाचा नोकर असे. आपल्याकडे तो कंपनीचा नोकर असे. टाटा, कॅलटेक्स, रेल्वे, पोलीस अशांचे संघ. खेळाडूला नोकरी द्यायची, त्यानं कूपरेजच्या मैदानावर कंपनीची अब्रू सांभाळायची आणि उरलेल्या वेळात टेबल. पैसे खेळाचे नाहीत, पैसे टेबलाचे. त्यामुळे माणूस पोटासाठी खेळत असला तरी कागदोपत्री हौशीच राहायचा. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबाकडून खेळायचा. कूपरेजवर रोव्हर्स कप चालायचा, १८९१ सालापासूनचा.

आणि या 'हौशी' शब्दातच सगळी गंमत आहे. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. म्हणजे आठवड्याचे मोजके पौंड घेणारा फिनी धंदेवाईक, म्हणून त्याला ऑलिंपिकचं दार बंद. आणि महिन्याला पगारपत्रकावर सही करणाऱ्या आपल्या मंडळींना उघडं. कारकुनीचा एवढा सन्मान जगात दुसरीकडे कुठे झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

"१९४८ साली लंडनला आपली माणसं बहुतेक अनवाणी खेळली," मी नातवाला सांगू लागलो, "आणि फ्रान्सकडून २–१ अशी थोडक्यात हरली. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियानं आपल्याला दहा गोल मारले. आपण एक. मग आलं १९५६. मेलबर्न. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, कप्तान बंगालचा बद्रू बॅनर्जी. पहिल्याच फेरीत समोर कोण, तर हंगेरी!"

"बाप रे! मग?"

"गैरहजर."

हा शब्द उच्चारताना मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही. हंगेरीत त्या वर्षी उठाव झाला होता, त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. पुढची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी. तारीख १ डिसेंबर. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. ऑस्ट्रेलियानं फेडला. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. त्यांनी पुन्हा फेडला. मध्यंतराला २–२. मध्यंतरानंतर पाचव्या मिनिटाला तिसरा, तोही नेव्हिलचाच. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा आशियातला पहिला माणूस! चौथा गोल किट्टूनं मारला. ४–२. आशियातला कुठलाही देश तोवर ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत गेलेला नव्हता. आपण गेलो.

उपांत्य सामन्यात पुन्हा तेच युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल मारणारं. पूर्वार्धात त्यांना एकही गोल करता आला नाही. उत्तरार्ध सुरू झाला आणि पहिला गोल झाला तो भारताचा. नेव्हिल डिसूझा.

गोष्ट सांगता सांगता मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. माझा डावा पाय, ज्याला डॉक्टरांनी जिना वर्ज्य केला आहे, तो हवेत होता. आतून सौ. म्हणाली, "बसून समजूत घाला."

"मग जिंकलो?" नातवानं विचारलं.

"नाही. काही मिनिटं आपण पुढे होतो. मग त्यांनी चार मारले. त्यातला एक आपल्याच खेळाडूकडून आपल्याच जाळ्यात गेला." (अशा खेळाडूविषयी मला फार आपुलकी वाटते.) "कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी खेळलो, ०–३ हरलो. चौथा नंबर. पण स्पर्धेत सर्वांत जास्त गोल किती, तर चार. ते करणारे तिघं. एक युगोस्लाव्हियाचा, एक बल्गेरियाचा आणि एक आसगावचा."

"आणि मग परत आल्यावर?"

इथंच मला केस जिंकायची होती. मी बसलो, पाणी प्यालो आणि शेवटचं कलम वाचलं. परत आल्यावर पुन्हा मुंबई आणि पुन्हा कंपन्यांचे संघ. १९५८ साली कॅलटेक्सकडून रोव्हर्स कप जिंकला. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाले. नेव्हिलला तो मिळाला नाही. १९८० च्या मार्चमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला, तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. २०२४ साली रहीमसाहेबांवर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यात त्याचं नाव पुन्हा ऐकू आलं. "बघ," मी म्हणालो, "सगळ्या आशियात पहिला आलेल्या माणसाचं हे असं. आता बोल."

नातू बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबा, तो मेलबर्नला होता तेव्हा त्याच्या ऑफिसात त्याची ॲब्सेंट लावली असेल का हो?"

मुलं प्रश्न सहज विचारतात. मी एकतीस वर्षं मस्टर लिहिलं, पण हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. १ डिसेंबर १९५६. शनिवार. कुठल्या तरी रजिस्टरात त्या दिवशी त्याच्या नावापुढे काही ना काही लिहिलं गेलंच असणार. कदाचित रजा, कदाचित खास रजा. एवढं खरं की, 'तीन गोल' असं लिहायला मस्टरात रकानाच नसतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मला एक 'ए' आठवला.

त्या 'ए'ची गोष्ट सांगण्याआधी आमच्या गावाविषयी दोन शब्द. आम्ही राहतो ते निघोजे. रांजणखळग्यांचं निघोज नव्हे, ते पारनेर तालुक्यात. पाहुणे हमखास तिकडे जातात आणि तिथून फोन करतात. हे खेड तालुक्यातलं, इंद्रायणीकाठचं. एका अंगाला तुकोबांचं देहू, दुसऱ्या अंगाला ज्ञानोबांची आळंदी, आणि मधल्या पट्ट्यात, दोन्ही संतांच्या दृष्टीआड, चाकणची एमआयडीसी. रस्त्यावर कंटेनरांची दिंडी अष्टौप्रहर चाललेली. महिंद्रचा मोटारींचा कारखाना याच शिवारात. तो २०१० साली सुरू झाला. त्याच कंपनीचा महिंद्र युनायटेड हा मुंबईतला नावाजलेला संघ, २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला. तो बंद झाला तेही २०१० सालीच. एका रजिस्टरात नाव चढलं, दुसऱ्यातून उतरलं. कंपन्यांनी संघ पाळायचे दिवस तोवर सरलेच होते.

नातू ज्या मैदानावर खेळायला जातो ते मी तोवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर गेलो. मैदान म्हणजे दोन शेडच्या मधली मोकळी जागा. गोलचे खांब बांबूचे, वर आडवी दोरी. वीसेक पोरं. गावातली, बिहारमधून आलेल्या कामगारांची, आमच्या सोसायटीतली. ज्याच्या अंगात ज्या क्लबाचा शर्ट, तो त्या क्लबाचा. आणि शिट्टी गळ्यात अडकवून, पायजम्याचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून उभा असलेला एक पासष्टीचा माणूस.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. चेहरा मला कधीच लक्षात राहत नाही, टोकन नंबर राहतो. तो मला लगेच आठवला.

"नमस्कार, टायमऑफिसवाले साहेब," तो म्हणाला.

हाच तो 'ए'. साल १९८०. नेव्हिल गेला तेच साल; अर्थात त्या वेळी मला त्याचा पत्ता नव्हता. निघोज्याहून सायकल मारत येणारा बावीस वर्षांचा पोरगा. आमच्या कारखान्याच्या फुटबॉल संघात पुढे खेळायचा. कारखान्या-कारखान्यांच्या सामन्यांत उपांत्य फेरी होती. हा खिडकीपाशी आला आणि म्हणाला, "साहेब, अर्धा दिवस सोडा." मी विचारलं, पत्र कुठाय? क्रीडा सचिवांचं पत्र माझ्यापर्यंत आलं नव्हतं. पत्र नाही तर गेट पास नाही. त्यानं हात जोडले. मी नियम वाचून दाखवला. मला तो पाठ होता, तरी वाचून दाखवला. त्यानं अधिकार वाढतो. तो तसाच गेला. कसा गेला ते वॉचमननं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी लाल शाई. त्या दिवसाचा पगार कापला, वर समज दिल्याचं पत्र. पुढच्या वर्षी संघाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

मला वाटलं, आता हा नातवासमोर सगळं काढणार. मी घसा खाकरून म्हणालो, "ते पत्राचं जरा..."

"जाऊ द्या हो साहेब. नियम म्हणजे नियम. घरी म्हातारा पण म्हणाला, बॉल खेळून कुणाचं पोट भरलंय, नोकरी घालवशील. मग सोडलं." प्रेस्टनचा नळवाला, पुण्याचा टायपिंगवाला आणि निघोज्याचा हा म्हातारा असे तिन्ही बाप मला एका रांगेत उभे दिसले. तो जरा थांबून म्हणाला, "लाल शाईचं काही नाही. पण त्या दिवशी दोन गोल मारले होते. ते कुणी कुठं लिहिलंच नाही. आता माझी पोरं पण म्हणतात, आबा थापा मारतात."

एकतीस वर्षांत माझ्या मस्टरातली एक चूक कुणी दाखवली नव्हती. ऑडिटवाल्यांनीही नाही. ती निघोज्याच्या मैदानावर दाखवली गेली. माणूस कुठे नव्हता, हे मी बिनचूक लिहीत आलो. तो त्या वेळी कुठे होता आणि तिथं त्यानं काय केलं, हे लिहायचं राहून गेलं.

घरी येऊन मी सूनबाईंना सांगितलं, "समजूत घातली."

"काय म्हणाला?"

"त्याची नव्हे, माझी. खेळू द्या. गणित मी घेतो. प्लंबिंगसाठी मात्र क्लास लावा."

सौ.नं पेन्शनचा प्रश्न पुन्हा काढला. मी तिला फिनीचं सांगितलं, की नळाचा धंदा त्याला खेळ संपल्यावरही पुरला आणि माणूस एक्क्याण्णव वर्षं जगला. यावर तिचं समाधान झालं. "मग आपला बाथरूमचा नळ गळतोय, तो बघायला सांगा त्याला," असं म्हणून तिनं नातवाच्या करिअरला संमती दिली.

पुढच्या सोमवारी मी एक नवीन रजिस्टर विकत आणलं. पट्टीनं रेघा मारल्या. नाव, हजर, आणि तिसरा रकाना 'गोल'. लाल पेन घेतलं नाही. ते घेऊन मैदानावर गेलो आणि म्हटलं, हजेरी मी ठेवतो. आबांनी रजिस्टर उलटंसुलटं करून पाहिलं. पहिलं पान मी मुद्दाम कोरं ठेवलं होतं. त्यावर त्यांच्यासमोर त्यांचं नाव लिहिलं, साल १९८०, आणि तिसऱ्या रकान्यात निळ्या शाईनं दोन. चव्वेचाळीस वर्षांनी केलेली नोंद कायद्यानं ग्राह्य धरता येत नाही, हे मला माहीत आहे. खाली मी सही केली. पोरं ते पान बघायला गोळा झाली तेव्हा आबा शिट्टी पुसत दुसरीकडे बघत उभे होते.

तेव्हापासून मी रोज जातो. साडेपाचाला सराव सुरू होतो. परवा चहा उशिरा झाला, वर कंटेनर आडवा लागला, आणि मी पोचलो तेव्हा पोरं दोन फेऱ्या मारून आली होती. आबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, माझ्या हातातलं रजिस्टर काढून घेतलं, शेवटच्या पानावर माझं नाव लिहिलं आणि शांतपणे म्हणाले,

"साहेब, लेट मार्क. आज तिसरा झाला. अर्धा दिवस कापू का?"